वयस्कर माणसांचे घर आखताना: बडोद्यातील मराठी कुटुंबांसाठी

वयस्कर आई-वडिलांसाठी घराचा विचार सुरू झाला की बहुतेक कुटुंबांत आधी खोल्या मोजल्या जातात, मग भाव विचारला जातो आणि शेवटी सोसायटीत बाग आणि देऊळ आहे का ते पाहिले जाते. माझ्या मते पहिले काम यापेक्षा वेगळे आणि पुष्कळ स्वस्त आहे. ज्यांना त्या घरात राहायचे आहे, त्यांचा सलग सात दिवसांचा दिनक्रम एका वहीत उतरवून काढावा. रात्री किती वेळा उठावे लागते, पलंगापासून संडासापर्यंत किती पावले होतात आणि वाटेत किती उंबरठे लागतात, दूध घ्यायला दारापर्यंत कोण जाते, कशासाठी वाकावे लागते, कशासाठी स्टुलावर चढावे लागते, दिवसभरात कोणाकोणाशी चार वाक्ये बोलणे होते, हे सगळे त्यात यावे. शेवटी आणखी एक रकाना ठेवावा: पूर्वी नेमाने होत असलेली कोणती गोष्ट आता सोडून दिली आहे.

हा शेवटचा रकाना सर्वांत बोलका असतो, कारण जमत नाही असे सांगायला म्हातारी माणसे तयार नसतात. ती आवड राहिली नाही असे सांगतात. आमचे जुने घर दांडिया बाजारात होते. आईने एकाहत्तराव्या वर्षी गच्चीवर कुरडया घालणे बंद केले, तेव्हा ‘हल्ली खातो कोण’ असे कारण दिले आणि आम्ही ते खरे मानले. पुढे वही भरताना लक्षात आले की त्याच वर्षापासून ती माळ्यावरही गेली नव्हती; प्रश्न खाणाऱ्यांचा नव्हता, जिन्याच्या दहा इंची पायऱ्यांचा होता. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहत्या घरातल्या पायरीची उंची १९० मिलिमीटर, म्हणजे साडेसात इंचांपेक्षा जास्त असू नये, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला खरे तर सहा इंचांची उंची व बारा इंचांची रुंदी लागते. वही लांबून, पुण्याहून किंवा अमेरिकेतून फोनवर विचारून भरता येत नाही. दिवाळीला घरी आलेल्या मुलाने किंवा मुलीने आठवडाभर तिथे राहून, फार प्रश्न न विचारता, ती भरावी.

रात्रीची वाट

आखणीची सुरुवात दिवाणखान्यापासून करू नये, पलंगापासून करावी. पासष्टीच्या पुढच्या माणसांपैकी साधारण एक तृतीयांश माणसे वर्षात एकदा तरी पडतात असे जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे सांगतात, आणि घरातल्या वाटांमध्ये सर्वांत धोक्याची वाट रात्री दोन वाजताची असते: डोळ्यांवर झोप, चष्मा उशाशी, आणि रक्तदाबाच्या गोळीमुळे एकदम उठल्यावर येणारी भोवंड. म्हणून पलंगाची उंची गादीसकट अठरा ते वीस इंच असावी, म्हणजे कडेवर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पुरते टेकतात. आणि उठण्याआधी मिनिटभर तसेच बसून राहण्याची सवय लावावी. फार बुटका दिवाण आणि फार उंच, खाली सामान भरायच्या पेट्या असलेला पलंग हे दोन्ही वाईटच.

साठीतल्या डोळ्याच्या आतल्या पडद्यावर वीस वर्षांच्या डोळ्याच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच उजेड पोहोचतो, हे लक्षात घेतले म्हणजे आपल्याला पुरेसा वाटणारा दिवा त्यांना का पुरत नाही ते कळते. मात्र छतावरची प्रखर ट्यूब एकदम लावल्यास डोळे दिपतात. पलंगापासून संडासापर्यंत पोटरीच्या उंचीवर, हालचाल होताच आपोआप लागणारे मंद पिवळे दिवे बसवावेत. बॅटरीवरचे दिवेही मिळतात आणि ते वीज गेल्यावरही चालतात. या वाटेवर सतरंजी, पायपुसणे, चार्जरची वायर किंवा दारामागे ठेवलेली बादली नसावी. उंबरठा काढता येत असेल तर काढावा. धार्मिक भावनेने ठेवायचाच असेल तर तो मुख्य दारापुरता ठेवावा आणि त्यावर ठळक वेगळ्या रंगाची पट्टी लावावी.

न्हाणीघर आणि संडास

खर्च करायला पैसे थोडे असतील तर ते सगळे इथेच करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मॉड्युलर स्वयंपाकघर आणि फॉल्स सीलिंग यांवर लाखभर रुपये घालणारी कुटुंबे न्हाणीघरातल्या आधाराच्या दांड्यांसाठी मात्र घासाघीस करतात, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

पहिली गोष्ट दार. जुन्या घरांतले न्हाणीघराचे दार बहुधा चोवीस ते सत्तावीस इंचांचे असते आणि आत उघडते. आत पडलेल्या माणसाचे शरीर दाराला टेकले की ते दार बाहेरून ढकलून उघडता येत नाही, म्हणून दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे, आणि कडी अशी असावी की नाण्याने किंवा स्क्रूड्रायव्हरने ती बाहेरूनही फिरवता येईल. पुढेमागे चाकाची खुर्ची येण्याची शक्यता धरून दाराची मोकळी रुंदी किमान बत्तीस इंच ठेवावी. भिंत फोडायचीच आहे तर ती एकदाच फोडावी.

दुसरी गोष्ट आधाराच्या दांड्या. त्यांचा व्यास सव्वा ते दीड इंच असावा, म्हणजे मुठीत नीट मावतात, आणि भिंतीपासून अंतर सुमारे दीड ते दोन इंच असावे; याहून जास्त अंतर ठेवले तर तोल गेल्यावर हात आत अडकतो. दांडी कुठे बसवायची हे प्लंबरवर सोपवू नये. वडीलधाऱ्यांना कमोडवर बसायला आणि उठायला सांगावे, त्यांचा हात आपोआप जिथे जातो तिथे पेन्सिलीने खूण करावी आणि दांडी तिथेच बसवावी. हा हात पुष्कळदा टॉवेलच्या दांडीवर किंवा नळावर जातो, आणि या दोन्ही वस्तू माणसाचे वजन पेलण्यासाठी बनवलेल्या नसतात. म्हणून टॉवेलची दांडी तिथून काढून टाकावी किंवा तिच्या जागी खरी दांडी बसवावी. बसवताना टाइलमागे पोकळी असेल तर स्क्रू काही महिन्यांत सैल होतो. बोल्ट विटेत किंवा काँक्रीटमध्ये खोल गेला पाहिजे, आणि काम झाल्यावर घरातल्या सर्वांत वजनदार माणसाने दांडीला लटकून पाहिले पाहिजे. कारागीर हसतो, हसू द्यावे.

कमोडच्या बैठकीची उंची सतरा ते एकोणीस इंच असावी. जुना भारतीय पद्धतीचा संडास काढणे लगेच शक्य नसेल तर त्यावर ठेवायची लोखंडी खुर्ची मिळते, परंतु तिचे चारही पाय रबरी टोपणांचे आहेत आणि फरशीवर सरकत नाहीत याची खात्री करून घ्यावी. फरशीसाठी मॅट फिनिशच्या, ओल्यातही पकड देणाऱ्या टाइल्स घ्याव्यात. दुकानात त्या पाहताना त्यांवर पाणी ओतून ओल्या बोटाने घासून पाहावे. ज्यांच्याकडे घोटलेला कोटा दगड आहे त्यांनी निदान अंघोळीच्या जागेपुरता तो टाचवून खरबरीत करून घ्यावा.

आपल्याकडे अंघोळ बादलीने करायची सवय असते आणि ती मोडण्याचे कारण नाही, पण वीस लिटरची भरलेली बादली म्हणजे वीस किलो वजन झाले, आणि ती सरकवताना कमरेला झटका बसतो. नळाखालीच बादली ठेवून, पाठ टेकता येईल अशा, हात असलेल्या खुर्चीवर बसून लांब नळीच्या हँड शॉवरने अंघोळ केली तर वाकणे आणि उचलणे दोन्ही वाचते. प्लास्टिकचे हलके, बुटके स्टूल मुळीच ठेवू नये. गीझरचे तापमान पन्नास अंशांच्या आसपास ठेवावे, आणि विजेच्या बोर्डावर विजेची गळती होताच प्रवाह तोडणारी ३० मिलिअँपिअरची साधने बसवली आहेत की नाहीत हे वायरमनकडून तपासून घ्यावे. पाण्यापासून हातभर दूर, पण खाली पडलेल्या माणसालाही ओढता येईल इतक्या लांब दोरीची एक घंटी असावी. दोरीचे टोक फरशीपासून वीतभर वर यावे.

हलायचे की राहायचे, आणि पाणी कुठवर आले होते

मुले बाहेरगावी गेली की वाडा विकून गोत्री, वासणा-भायली किंवा मांजलपूरकडे लिफ्टचा फ्लॅट घ्यावा असा सल्ला सर्वत्र मिळतो. सल्ला चुकीचा नाही, परंतु तो सत्तरीच्या आत अमलात यावा. नव्या सोसायटीत ओळखी करायला, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला नावाने हाक मारण्याइतके ओळखायला दोन-तीन वर्षे लागतात आणि त्यासाठी पायात चालण्याची ताकद लागते. ऐंशीव्या वर्षी, पती किंवा पत्नी गेल्यानंतर लगेच, शहराच्या दुसऱ्या टोकाला हलवलेल्या माणसाला सोय मिळते, पण वहीतल्या ‘बोलणे कोणाशी होते’ या रकान्यातली सगळी नावे एका दिवसात पुसली जातात. अशा वेळी आहे त्याच घरात तळमजल्याची एक खोली नीट करून घेणे बरे.

आता तळमजल्याविषयी. बडोद्यात हा प्रश्न विश्वामित्री नदीला विचारल्याशिवाय सुटत नाही. ३१ जुलै २०१९ रोजी शहरात एका दिवसात जवळजवळ वीस इंच पाऊस पडला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये नदीचे पाणी समा, फतेहगंज, कारेलीबाग, अकोटा, मुजमहुडा यांसारख्या भागांतल्या घरांत शिरून कित्येक कुटुंबे वीज आणि पिण्याच्या पाण्याशिवाय अडकून पडली. म्हणून घर बघायला जाताना दलालाला विचारू नये, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारावे: चोवीस साली पाणी कुठवर आले होते? कंपाउंडच्या भिंतीवर त्याची मळकट रेघ बहुधा अजून दिसते. त्यापुढचे प्रश्न असे की मीटरबोर्ड, पाण्याची मोटार आणि लिफ्टचा जनरेटर त्या रेघेच्या वर आहेत की खाली. कारण हे खाली असतील तर सातव्या मजल्यावरचा कोरडा फ्लॅटही पुरात तुरुंग होतो.

वरच्या मजल्याची अडचण वेगळी आहे. मे महिन्यात इथला पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो, स्लॅब दिवसभर तापून रात्रभर उष्णता सोडत राहतो, आणि वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावत असल्यामुळे म्हाताऱ्या माणसाला आपण कोरडे पडत आहोत हे वेळेवर कळतच नाही. सर्वांत वरचा मजला म्हणूनच टाळावा. पुराच्या रेघेच्या वर, तापत्या गच्चीच्या खाली, आणि लिफ्ट बंद पडल्यास दोन माणसांच्या आधाराने उतरता येईल असा दुसरा मजला मी सुचवतो. लिफ्टमध्ये आडवे स्ट्रेचर मावते का, निदान चाकाची खुर्ची दार बंद करून मावते का, हे टेपने मोजून पाहावे. नवा फ्लॅट असेल तर महानगरपालिकेची बीयू, म्हणजे इमारत वापरण्याची, परवानगी आणि गुजरात रेराची, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाची, नोंदणी पाहावी. बीयू नसलेल्या इमारतीत ताबा घेऊन बसलेल्या कुटुंबांचा मनस्ताप उतारवयात सोसण्याजोगा नसतो.

ज्यांना जुन्या घरातच राहायचे आहे त्यांच्यापुढे ओटल्याचा, म्हणजे दारापुढच्या उंच चौथऱ्याचा, प्रश्न येतो. उताराचे प्रमाण बारास एक असे धरतात, म्हणजे सहा इंचांच्या पायरीसाठी सहा फूट लांबीचा उतार लागतो, आणि दीड फूट उंचीच्या ओटल्यासाठी तब्बल अठरा फूट. पोळीत, म्हणजे जुन्या शहरातल्या अरुंद गल्लीत, इतकी जागा कोणाकडे असते? मग पुष्कळ जण तीन-चार फुटांत तीव्र उतार करून टाकतात. त्यावरून चाकाची खुर्ची खाली सुटते आणि चालणाऱ्याचा पाय घसरतो. त्यापेक्षा पायऱ्यांची उंची निम्मी करणाऱ्या मधल्या पायऱ्या बांधाव्यात आणि दोन्ही बाजूंना कठडा लावावा. गरज पडली तर खुर्ची दोघांनी मिळून उचलणे हे खोट्या उतारापेक्षा सुरक्षित असते.

नदीकाठच्या भागात राहणाऱ्यांनी जून महिना सुरू होण्याआधी पंधरा दिवसांची औषधे, पिण्याचे पाणी, टॉर्च, पूर्ण भरलेली पॉवर बँक आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांची प्लास्टिकमध्ये बंद केलेली प्रत घरात वरच्या बाजूला ठेवावी. ज्यांना ऑक्सिजन यंत्र लागते त्यांनी घरगुती इन्व्हर्टरवर विसंबू नये. आजवा सरोवराचे पाणी विश्वामित्रीत सोडण्याच्या बातम्या येऊ लागताच नातेवाइकांकडे हलावे. तळमजल्यात साचलेल्या पाण्यात काय वाहून गेले ते बघायला वडीलधाऱ्यांना उतरू देऊ नये. उघडी गटारे आणि वीज हे कारण पुरेसे आहे, आणि विश्वामित्रीच्या मगरी सोसायट्यांत शिरतात हे बडोदेकराला वेगळे सांगावे लागत नाही.

झोपाळा, ओटा आणि देवघर

झोपाळ्याला कोणी हात लावू देणार नाही, आणि लावूही नये. दुपारचा चहा आणि वर्तमानपत्र तिथेच होते. मात्र बसताना आणि उठताना झोपाळा मागे सरकून माणूस खाली बसतो, हा अपघात इथल्या घरांत नेहमीचा आहे. झोपाळ्याची पाटी गुडघ्याच्या उंचीला आणावी, तो भिंतीजवळ असेल तर बसण्या-उठण्याच्या वेळी अडकवायची कडी भिंतीत ठोकावी, आणि छतातले कडे व साखळी वर्षातून एकदा तपासून घ्यावी.

स्वयंपाकघरात रोजची भांडी आणि डबे कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीत आणावेत. दिवाळीची पातेली वर गेली तरी चालतील, ती काढायला वर्षातून एकदा कोणी तरी येतेच. बडोद्यात पाइपच्या गॅसची सोय जुनी आहे आणि सिलिंडर हलवण्याच्या कटकटीतून ती सोडवते, पण वयाबरोबर वासाची जाणीव कमी होते, त्यामुळे गळती सुचवणारा गजर बसवावा आणि रात्री मुख्य कॉक बंद करण्याचे काम एकाच माणसाकडे ठेवावे. ओट्याशेजारी बसून भाजी निवडता येईल असे, पाठ असलेले उंच आसन ठेवावे. देवघर जमिनीवर असेल तर खुर्चीवर बसून पूजा करता येईल इतके वर घ्यावे. पाटावरून उठताना समईचा आधार घेणारे हात मी पाहिले आहेत.

माणसे

वहीतल्या नावांकडे परत येऊ. कामवाल्या बाई, वर्तमानपत्र टाकणारा मुलगा, भाजीची लारी (हातगाडी) घेऊन येणारे भाई, भजनी मंडळातल्या मैत्रिणी, सकाळी कमाटी बागेत भेटणारे सोबती: यांपैकी ज्यांची गैरहजेरी किंवा ज्यांना आपली गैरहजेरी लगेच जाणवेल अशी निदान दोन माणसे रोजच्या दिवसात असावीत. त्यांच्याकडे मुलांचा फोन नंबर द्यावा आणि मुलांकडे त्यांचा. एकट्या राहणाऱ्या माणसाने सकाळी ठरलेल्या वेळी दाराबाहेरचा दिवा बंद करायचा आणि समोरच्यांनी तेवढे पाहायचे, ही साधी पद्धत कॅमेऱ्यांपेक्षा चांगली चालते. खोलीत कॅमेरा लावायचाच असेल तर वडीलधाऱ्यांना विचारून लावावा. न विचारता लावलेल्या कॅमेऱ्यावर टॉवेल पडलेला असतो, आणि तो बरोबरच पडलेला असतो.

सांभाळायला दिवसाची किंवा रात्रीची बाई ठेवताना पोलिसांकडे नोंद करावी, सुटीचा दिवस आणि पगार लेखी ठरवावा, आणि भाषेचा विचार करावा. आपल्या घरांतली वडीलधारी माणसे आयुष्यभर बाजारात, कचेरीत अस्खलित गुजराती बोललेली असतात. परंतु स्मृतिभ्रंशात काही जणांची नंतर शिकलेली भाषा आधी विरते आणि माहेरची मराठी तेवढी उरते. तेव्हा ‘लघवीला जायचे आहे’, ‘थंडी वाजते’, ‘इथे दुखते’, ‘पाणी हवे’ अशी वीस-पंचवीस वाक्ये मराठी उच्चारांसह गुजराती लिपीत लिहून बाईंना द्यावीत. औषधांच्या डब्यावर मात्र देवनागरीत, मोठ्या ठळक अक्षरांत लिहावे.

कागद

घराचा दस्त हयातीत मुलाच्या नावे बक्षीसपत्र करून देण्याची घाई करू नये. इच्छापत्र मृत्यूनंतर अमलात येते आणि तोवर कधीही बदलता येते. द्यायचेच असेल तर सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात लेखी घालावी, कारण २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे अशी अट मोडल्यास हस्तांतर रद्द करून घेता येते, पण अट कागदावर नसेल तर सिद्ध करणे फार जड जाते. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरचा नॉमिनी हा वारस नव्हे, हेही मुलांना एकत्र बसवून सांगून ठेवावे. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान या सरकारी आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात; त्याचे कार्ड आजारी पडण्याआधी काढावे. केंद्राच्या निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला ऐंशीच्या पुढे ऑक्टोबरपासूनच देता येतो आणि फोनवर चेहरा दाखवूनही होतो. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे नंबर फोनशेजारी भिंतीवर, सव्वा इंच उंचीच्या आकड्यांत चिकटवावेत.

निवृत्तांच्या वसाहतीचा विचार असेल तर तिथे आधी भाड्याने महिनाभर राहून पाहावे, आणि तीन गोष्टी करारात शोधाव्यात: दोघांपैकी एक गेल्यावर खोली आणि ठेव यांचे काय होते, अंथरुणाला खिळल्यावर तिथेच ठेवतात की परत पाठवतात, आणि दरमहाचा खर्च वर्षाला किती वाढू शकतो. केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ मध्ये अशा वसाहतींसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. व्यवस्थापकाला ती माहीत आहेत का, हे सहज विचारून पाहावे.

एवढे झाल्यावर वही बंद करून ठेवू नये. दरवर्षी दोनदा, पावसाआधी मे महिन्यात आणि दिवाळीच्या सफाईच्या वेळी, तोच आठवडा पुन्हा लिहावा, दांड्यांचे बोल्ट, घंटीची दोरी आणि दिव्यांच्या बॅटऱ्या तपासाव्यात, आणि सोडून दिलेल्या गोष्टींच्या रकान्यात नवे काही आले आहे का ते सर्वांत आधी पाहावे.